बंदिस्त लांडग्यांचा हिवाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मोठ्या कुंपणात पाच लांडगे आहेत: नऊ वर्षांचा नर, आठ वर्षांची मादी आणि त्यांचीच तीन पोरं. पोरांपैकी दोघी पावणेतीन वर्षांच्या सख्ख्या बहिणी, तर नर पावणेदोन वर्षांचा. उन्हाळाभर एकमेकांच्या अंगावर पडून झोपणारा हा कळप नोव्हेंबरपासून बिघडला आहे. एक बहीण दुसरीला कोपऱ्यात दाबून धरते. दबलेली मादी मांस टाकलं तरी पुढे येत नाही. म्हातारा नर तर रोजच्या ओळखीच्या माणसाकडेही रोखून बघत जाळीला खेटून चालतो. विचारणाऱ्याला तीन गोष्टी हव्या आहेत. नवा ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, ठरतोय का? आपण मध्ये पडावं का? आणि वसंतात सगळं आपोआप निवळेल का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. बरंचसं निवळेल, पण कोपऱ्यातली मादी तोवर धडधाकट राहील याची खात्री नाही. मध्ये पडायलाच हवं, मात्र भांडण पेटलेलं असताना नाही. आणि अल्फा कोण, या प्रश्नाचा इथे फारसा उपयोग नाही.

लांडग्याचं वर्ष दिवसाच्या लांबीवर चालतं. पाळीव कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि कुत्रा बाराही महिने तयार असतो. लांडग्यांत तसं नाही. मादीला वर्षातून एकच माज येतो, आणि नराचे वृषणही ऋतूनुसार लहानमोठे होतात. दिवस लहान होऊ लागले की टेस्टोस्टेरॉन हे नराचं लैंगिक संप्रेरक चढायला लागतं, ऐन हिवाळ्यात ते शिखरावर असतं आणि उन्हाळ्यात अगदी तळाशी जातं. समशीतोष्ण पट्ट्यातल्या करड्या लांडग्यांचं मिलन बहुतेक जानेवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात या काळात होतं. उत्तर ध्रुवाकडे ते मार्च-एप्रिलपर्यंत लांबतं. भारतीय लांडग्यांत उलट लवकर, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान. त्यामुळे पुस्तकातला महिना आपल्या कुंपणाला जसाच्या तसा लावू नका. मी पुढे जे महिने देतो आहे ते उत्तरेकडच्या समशीतोष्ण पट्ट्याचे समजा.

मिलन फेब्रुवारीत, मग भांडणं नोव्हेंबरपासून का? कारण मादीचा माजापूर्वीचा काळ लांबलचक असतो. रक्तमिश्रित स्राव कित्येक आठवडे, कधी कधी दीड महिनाभर दिसतो. खरा माज त्यानंतर जेमतेम आठवडा-दोन आठवड्यांचा. पण त्याच्याही आधीपासून कळपातल्या प्रत्येकाच्या अंगात बदल सुरू झालेले असतात आणि लघवीच्या वासातून ते सगळ्यांना कळत असतात. म्हणून माज यायच्या कितीतरी आधी वातावरण तापतं.

हे तापणं ओळखायचं असेल तर भांडणांपेक्षा लघवीकडे बघा. हे वाक्य चमत्कारिक वाटेल, पण रोजच्या निरीक्षणात याच्याइतका भरवशाचा संकेत मला दुसरा सापडलेला नाही. कळपातला मुख्य नर पाय वर करून झाडावर, दगडावर, खांबावर मूततो. मुख्य मादीही बसल्या बसल्या मागचा एक पाय पुढे उचलून खूण करते. बाकीचे सगळे साधे बसून किंवा उभ्याने मोकळे होतात. हिवाळ्यात या खुणा खूप वाढतात, आणि जोडी जमलेली असेल तर एकाने केलेल्या खुणेवर दुसरा लगेच आपली खूण करतो. आता तुमच्या दोन मुलींपैकी एखादी पाय उचलू लागली आहे का, आणि तिच्या खुणेवर बापाची किंवा भावाची खूण पडते आहे का, हे बघा. तसं असेल तर ती आता नुसती मुलगी राहिलेली नाही, आणि तिच्या आईलाही ते कळलेलं आहे.

बाकीच्या ऋतुचक्राबद्दल थोडक्यात. वसंताच्या उत्तरार्धात आतली लोकर पुंजक्यापुंजक्यांनी सुटते आणि उन्हाळ्यात हेच प्राणी निम्मे दिसतात. त्याला आजारपण समजू नका. उन्हाळ्यात भूक मंदावते, हालचाल पहाटे आणि संध्याकाळी होते, वजन थोडं उतरतं. शरदात लोकर परत भरते, भूक वाढते, उरलेलं मांस पुरून ठेवणं वाढतं, खेळ दांडगट होतो. हेल काढून ओरडणंही हिवाळ्यात शिखरावर असतं, आणि पिल्लं बिळात असताना बरंच कमी होतं.

आता अल्फाकडे. ही कल्पना बंदिस्त लांडग्यांवरूनच आली. रुडोल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. मर्यादित जागेत एकत्र ठेवलेले लांडगे मिलनकाळात पायरीसाठी झगडतात, नरांची एक उतरंड आणि माद्यांची दुसरी, असं त्यांनी मांडलं. पुढे अमेरिकी लांडगा-अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे हे चित्र जगभर गेलं. नंतर त्याच मेक यांनी कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या एल्समीर बेटावर जंगली लांडगे उन्हाळ्यामागून उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की जंगलातला नेहमीचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे आईबाप झगडून वर चढलेले नसतात, ते फक्त आईबाप असतात.

यावरून हल्ली दुसऱ्या टोकाला जाऊन सांगितलं जातं की ‘अल्फा वगैरे सगळं थोतांड’. हे मला तितकंच उथळ वाटतं. शेंकेल यांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. बंदिस्त कळपात ते आजही दर हिवाळ्यात दिसतं, तुमच्याकडेही दिसतंय. चूक झाली ती ते सगळ्या लांडग्यांना सरसकट लावण्यात. आणि कुटुंब म्हणजे गोडीगुलाबी असंही नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या ड्रुइड पीक कळपातली ४० क्रमांकाची मादी बहिणींवर सतत दादागिरी करायची. २००० च्या वसंतात ती जखमी अवस्थेत सापडली आणि मेली. आपल्याच कळपातल्या माद्यांनी तिला फाडलं, असा तिथल्या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. तेव्हा जंगलात भांडणं नसतात असं नाही. जंगलात निघून जाता येतं, एवढाच फरक आहे.

तुमच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. एप्रिल-मेमध्ये जन्मलेलं पिल्लू पहिल्या हिवाळ्यात दहा महिन्यांचं असतं. उंचीने मोठ्यांएवढं, पण वागायला पोरच. दुसऱ्या हिवाळ्यात ते बावीस महिन्यांचं होतं आणि साधारण याच सुमाराला वयात येतं. बंदिस्त प्राण्यांत कधी कधी त्याच्या आधीही. जंगलातले बहुतेक लांडगे एक ते तीन वर्षांच्या दरम्यान घर सोडतात. कुणी हाकललं म्हणून, कुणी अन्न पुरत नाही म्हणून, कुणी जोडीदाराच्या शोधात. आईची पोटच्या मुलीशी खटके उडण्याची वेळ येते तोवर मुलगी बहुधा शंभर किलोमीटर पलीकडे पोहोचलेली असते. तुमच्या दोन्ही मुली तिसऱ्या हिवाळ्यात आहेत, मुलगा दुसऱ्या. तिघांचंही घर सोडण्याचं वय झालं आहे आणि घराला दार नाही. वयात आलेल्या भावंडांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घालावी, तसं हे आहे. मग कडी उघडायचं काम माणसाकडेच येतं.

माद्यांचं भांडण माद्यांशी आणि नरांचं नरांशी, हा नियम बऱ्यापैकी पक्का आहे. एरिक त्सिमेन यांनी जर्मनीतल्या बव्हेरियन फॉरेस्टमध्ये कुंपणातल्या कळपांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांनाही हेच दिसलं: उन्हाळ्यात शांतता, शरदापासून चढता ताण, मिलनकाळात टोक. आणि माद्यांमधली स्पर्धा नरांपेक्षा कडवी. नरांचा वाद बऱ्याचदा गुरगुरण्यावर, एकमेकांवर उभं राहण्यावर भागतो. माद्यांचा वाद सुरू झाला की तो संपवण्याकडे कल असतो. त्याचं कारणही शरीरात आहे. दुय्यम मादीची अंडाशयं बंद पडलेली नसतात. तीही माजावर येते, तिचंही बीजांड सुटतं. तिला पिल्लं होऊ नयेत म्हणून मुख्य मादीला वागण्यातूनच तिला रोखावं लागतं. तिला नराजवळ जाऊ न देणं, सतत मागे लागणं, दमवणं, खाणं तोडणं. तुम्ही ज्याला दादागिरी म्हणताय तिच्यामागे हेच काम चालू आहे.

तुमच्याकडे आणखी एक गुंता आहे. दाबणारी मादी आई नाही, बहीण आहे. आई अजून मुख्य मादी असेल तर मोठ्या दोघींपैकी एकीने दुसरीला आत्ताच बाजूला काढायला घेतलं आहे. याचा अर्थ तिची नजर मुख्य मादीच्या जागेवर आहे. त्या जागेबद्दल शेवटी बोलतो.

सगळीच दांडगाई घातक नसते, त्यामुळे ओळखायचं कसं हे महत्त्वाचं. शेंकेल यांनीच १९६७ मध्ये लांडग्यांच्या नमतं घेण्याचे दोन प्रकार नीट मांडले. एकात दुय्यम लांडगा वाकून, कान मागे पाडून, शेपटी खाली हलवत दुसऱ्याचं थोबाड चाटायला येतो. दुसऱ्यात तो उताणा पडतो आणि स्वस्थ राहतो. धडधाकट कळपात दिवसातून कितीदा तरी हे घडतं आणि तिथेच संपतं. वरचढ लांडगा थोबाड दाताखाली धरतो, गुरगुरतो, आवाज भयंकर होतो, पण रक्त येत नाही. समोरच्याने नमतं घेतलं की तो सोडून देतो.

छळ वेगळा असतो. नमतं घेतल्यावरही वरचढ मादी थांबत नाही. समोरची उठून निघाली की ही तिच्यामागे जाते. आवाज कमी होतो, आणि तेच जास्त वाईट, कारण गुरगुर ही सूचना असते आणि सूचना देणं तिने सोडलेलं असतं. चावे थोबाडावर न पडता शेपटीच्या बुडाशी, मांड्यांवर, कुशीत पडतात. तिथली लोकर दाट असल्यामुळे जखम दिसत नाही. सतत चाटून ओला झालेला पट्टा दिसला तर खाली भोक आहे असं धरूनच चाला. आणि सर्वात वाईट म्हणजे इतर लांडगे सामील होऊ लागणं. एकीचं भांडण सगळ्यांचं झालं की काही मिनिटांत प्राणी जातो.

मी तीन गोष्टी रोज बघतो. ती खाते का? सगळे मिळून हेल काढतात तेव्हा ती त्यांच्यात येते की लांबूनच ओरडते? आणि तिला दिवसातून एकदा तरी कुणाशी खेळायला मिळतं का? दुय्यम लांडगा खेळात असेल तर त्याची पायरी खालची असली तरी तो कळपातला आहे. तुमची मादी खायलाही येत नाही. म्हणजे ती आत्ताच कळपाबाहेर आहे, फक्त कुंपणाच्या आत आहे.

तेव्हा आत्ता काय करायचं ते सांगतो.

भांडण पेटलेलं असताना आत जायचं नाही, कुणीही, कितीही वर्षांची ओळख असली तरी. बाहेरून पाण्याचा जोरदार फवारा, पत्र्याचा मोठा आवाज, एवढंच. एरवीही मिलनकाळ संपेपर्यंत आत न जाता काम करायची व्यवस्था करा, म्हणजे प्राणी शेजारच्या कप्प्यात सरकवायचे, दार लावायचं आणि मगच सफाई. म्हातारा नर रोखून बघतो, जाळीला खेटून चालतो, शेपटी ताठ ठेवतो, माणूस जिथे उभा होता तिथे येऊन मूततो, हे सगळं स्पष्ट बोलणंच आहे. माणसाच्या हाताने वाढलेल्या लांडग्यांत हे जास्त दिसतं, कारण त्यांना माणसाची भीती नसते आणि माणूस त्यांच्या हिशेबात येतो. लांडगे आणि लांडगा-कुत्रा संकर पाळणारे याला ‘विंटर वुल्फ सिंड्रोम’ म्हणतात. नाव आजाराचं असलं तरी आजार काही नाही. अंगात टेस्टोस्टेरॉन आणि समोर प्रतिस्पर्धी, इतकंच. अशा वेळी ‘त्याला आपण वरचढ आहोत हे दाखवा’ असा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. तुम्ही त्याच्याशी पायरीचा खेळ खेळायला लागलात की तो खरोखर खेळतो, आणि त्याचे दात तुमच्यापेक्षा चांगले असतात.

याचा अर्थ उन्हाळ्यात आत जाणं सुरक्षित आहे असाही काढू नका. २०१२ च्या जूनमध्ये स्वीडनमधल्या एका प्राणिउद्यानात हाताने वाढवलेल्या लांडग्यांच्या कळपाने आत गेलेल्या कर्मचारी स्त्रीला ठार मारलं. महिना मिलनकाळाचा नव्हता. ऋतू धोका कमी-जास्त करतो, शून्य कधीच करत नाही. एकट्याने आत जायचं नाही हा नियम बाराही महिन्यांचा आहे.

खाण्याची व्यवस्था आजच बदला. सगळं मांस एका जागी टाकू नका. कुंपणाच्या पाच-सहा लांबलांबच्या जागी, एकमेकांना दिसणार नाहीत असे तुकडे ठेवा, आणि जागा लांडग्यांच्या संख्येपेक्षा जास्त ठेवा. तुकडे लहान नकोत. उचलून नेता येतील असे हाडासकटचे मोठे ठेवा. तोंडात धरलेला तुकडा दुय्यम लांडगाही बऱ्याचदा राखू शकतो. तोंडाभोवतीच्या त्या थोड्या जागेवर वरचढ लांडगाही सहसा घुसत नाही. जमिनीवर पडलेल्या बारीक तुकड्यांना मात्र हा मान मिळत नाही. दबलेल्या मादीला वेगळ्या कप्प्यात बोलावून खाऊ घालता आलं तर उत्तम. पण ती परत आली की तिच्या तोंडाला मांसाचा वास असतो आणि तेवढ्यावरूनही हल्ला होतो, हे लक्षात ठेवा.

कोपरे मोडा. काटकोनातला कोपरा म्हणजे लांडग्यांसाठी सापळा. तिथे ओंडके तिरपे टाकून तो गोलसर करा. आडोसे हवेत, पण प्रत्येक आडोशाला दोन वाटा हव्यात. एकाच तोंडाचं खोपटं हे दबलेल्या प्राण्याला आश्रय वाटतं आणि त्याच्याच जिवावर उठतं. कुंपणाच्या बुडाशी जाळी जमिनीत आडवी पुरलेली आहे ना, तेही याच काळात तपासा. हिवाळ्यातला लांडगा उन्हाळ्यात कधी न खणलेल्या जागी खणतो.

हे सगळं केलं तरी ती मादी आत राहू शकेल असं मला वर्णनावरून वाटत नाही. तिला बाहेर काढा. थांबू नका, कारण माज अजून यायचाय आणि ताण वाढतच जाणार आहे.

काढायचं कुणाला, यावर माझं मत ठाम आहे. दाबणारीला काढलं तर न्याय झाल्यासारखं वाटतं, पण दबलेली मादी बाकीच्या कळपाच्या नजरेतही खाली गेलेली असते आणि आई तिला उचलून धरेलच असं नाही. दबलेलीला एकटीला काढलं तर ती जगेल, पण एकटा लांडगा हा निम्मा लांडगा असतो. तिच्यासोबत भावाला काढा. नर-मादीची जोडी हा बंदिस्त लांडग्यांतला सर्वात शांत गट आहे. दोन बहिणींचा किंवा तिघा भावांचा गट त्या मानाने कधीही पेटू शकतो. शिवाय मुलगाही बावीस महिन्यांचा होतोय. पुढच्या हिवाळ्यात त्याची आणि बापाची गाठ पडणारच होती. दोघांना बाहेर नेऊन जंगलात जे आपोआप घडलं असतं तेच तुम्ही घडवता: कळपातून फुटून निघालेली एक नवी जोडी. दोन्ही कुंपणं शेजारी असतील तर मधली जाळी उघडी ठेवू नका. पत्रा किंवा फळ्या लावून नजर तोडा. जाळीतून भांडताना लांडगे दात मोडून घेतात आणि राग बाहेर काढता आला नाही तर तो जवळ उभ्या असलेल्या आपल्याच सोबत्यावर काढतात.

अर्थात ही जोडी भावाबहिणीची आहे. लांडगे पर्याय असेल तर जवळच्या नात्यात जुळत नाहीत, पण कुंपणात पर्याय नसतो, आणि मग भाऊ-बहीण, बाप-मुलगी सगळं घडतं. त्याचे परिणाम कागदावरचे नाहीत. उत्तर युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतले लांडगे मोजक्याच मूळ प्राण्यांपासून वाढवलेले होते. त्यांच्यात आनुवंशिक अंधत्व आणि घटलेलं आयुर्मान दिसून आलं, आणि १९९१ मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध झाला.

म्हणून संततिनियमन हवं, आणि इथे वेळेला महत्त्व आहे. नराची नसबंदी केली तर पिल्लं होत नाहीत, पण टेस्टोस्टेरॉन तसंच राहतं. म्हणजे खुणा, मिलन, भांडणं सगळं हिवाळी वागणं कायम. नसबंदीनंतरही काही आठवडे नर फलदायी असू शकतो, त्यामुळे जानेवारीत शस्त्रक्रिया करून फेब्रुवारीत निर्धास्त राहू नका. खच्चीकरणाने, म्हणजे वृषणच काढून टाकल्याने, ऋतूतला चढउतार बराच सपाट होतो, मात्र एकदा जमलेलं वैर त्याने पुसलं जात नाही. डेस्लोरेलिन या लैंगिक संप्रेरकं थांबवणाऱ्या औषधाचं कातडीखाली रोपण हा परतीचा मार्ग ठेवणारा पर्याय आहे. पण ते संप्रेरकं बंद पाडण्याआधी काही दिवस उलट चेतवतं. मोसमाच्या तोंडावर मादीत घातलं तर माज आणण्याचाच धोका. ते शरदाच्या आधी घालायचं असतं, तुमची वेळ या वर्षापुरती गेली आहे. प्रोजेस्टिन प्रकारची, म्हणजे कृत्रिम मादी-संप्रेरकाची, औषधं कुत्र्या-लांडग्यांच्या कुळात टाळलेली बरी, त्यांनी गर्भाशयाचे गंभीर आजार होतात. या हिवाळ्यात सोपा मार्ग म्हणजे मादीला स्राव दिसू लागला की खरा माज संपेपर्यंत दोघांमध्ये जाळी ठेवायची, एकमेकांशेजारी झोपता येईल अशी. जुन्या कुंपणात बाप आणि उरलेली मुलगी यांचाही हाच प्रश्न आहे, तो विसरू नका. निर्णय पशुवैद्यकांसोबत घ्या, आणि भूल द्यावीच लागणार असेल तर त्याच भुलीत दात, रक्त, वजन सगळं तपासून घ्या. लांडग्याला वारंवार भूल देणं परवडत नाही.

आता वसंत. मिलनकाळ संपला की उरलेल्या कळपात फरक जाणवेल. टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं, पिल्लांची माया लावणारं संप्रेरक चढतं, आणि गंमत म्हणजे ते फक्त आईत चढत नाही. पिल्लं असोत नसोत, नरांतही चढतं. ज्या माद्या गाभण नव्हत्या त्याही खोट्या गर्भावस्थेतून जातात. त्या बीळ खणतात, कधी त्यांना दूधही येतं. एप्रिलमध्ये तुमची मादी अचानक जमीन उकरू लागली तर घाबरून जाऊ नका. निसर्गात हीच व्यवस्था मावश्या-काकांना पिल्लांसाठी मांस पोटातून आणून ओकायला लावते. मेक्सिकन लांडग्यांच्या पुनर्वसनात बंदिवासात जन्मलेली, दोन आठवड्यांहून लहान पिल्लं जंगली मादीच्या बिळात तिच्या पिल्लांमध्ये मिसळतात आणि ती ती वाढवते, यामागे आईपणाचा हाच भर आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटातलं इंटरनॅशनल वुल्फ सेंटरही हाताने वाढवलेली पिल्लं मोठ्यांच्या कळपात उन्हाळ्यात सोडतं, हिवाळ्यात नाही. नवीन ओळखी करून द्यायच्या असतील तर महिने हेच.

मग साहजिकच वाटतं की बाहेर काढलेल्या मादीला जूनमध्ये परत घ्यावं. सगळे शांत असतात, नव्या-जुन्यांची भेट बऱ्याचदा सुरळीत होते, शेपट्या हलतात, फोटो छान येतात. मी घेणार नाही. रक्त न निघता, केवळ काळजी म्हणून दोन-चार दिवस वेगळं ठेवलं असतं तर लगेच परत घेता आलं असतं. पण काही आठवडे गेले की ती जागा भरून निघालेली असते, आणि उन्हाळ्यात मिळालेली मान्यता नोव्हेंबरात टिकत नाही. दोघी बहिणी तेव्हा साडेतीन वर्षांच्या असतील आणि दोघींनाही गेल्या हिवाळ्याचं सगळं आठवत असेल.

त्यापेक्षा उन्हाळ्याचा वेळ दुसऱ्या कामाला लावा. जुन्या कुंपणात आता बाप, आई आणि वरचढ मुलगी उरतील. पुढच्या शरदात आई जवळपास साडेआठ वर्षांची होईल. बंदिवासात लांडगे तेरा-चौदा वर्षं जगतात खरे, पण या वयात सांधे धरायला लागतात, सुळे झिजतात, आणि लंगडणारी मुख्य मादी कुणाच्या नजरेतून सुटत नाही. दबलेली बहीण वाटेतून दूर झाल्यावर मुलीचा पुढचा सामना आईशीच आहे. म्हणून तिसरी, लहानशी, उतारवयातल्या जोडप्याला पुरेल अशी जागा सप्टेंबरपर्यंत तयार ठेवा. तिन्ही प्राण्यांना हाकेसरशी कप्प्यात शिरायची सवय उन्हाळ्यात, शांत असताना, रोजच्या मांसाच्या तुकड्यावर लावा. हिवाळ्यात ती सवय नव्याने लावता येत नाही. आणि ऑक्टोबरमध्ये आई नेहमीच्या खांबावर खूण करायची सोडून बसून मूतू लागली, तर भांडणाची वाट न बघता त्याच आठवड्यात ती आणि म्हातारा दोघांना तिकडे हलवा. मुलीसाठी मात्र नात्याबाहेरचा नर शोधायला आत्तापासूनच लागा. वंशावळीची नोंद असलेला, नसबंदी झालेला प्राणी मिळायला आणि त्याची कागदपत्रं पुरी व्हायला बराच वेळ जातो.